मनिलातला माझा इंग्रजीचा वर्ग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू परदेशात इंग्रजी शिकवत होतीस, त्यावर वीस मिनिटं बोल." मी घरून चार कागद लिहून आणले होते. पण सकाळी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एका मित्राने विचारलं, "तिकडं मनिलाला काय करायचीस म्हणं? लोकांची भाषा सुधारायचीस व्हय?" तो हसत बोलला, मीही हसले. पण ते वाक्य मला लागलं. म्हणून आणलेले कागद बाजूला ठेवते आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. उत्तर देताना मला एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी देईन.

आपल्या इंग्रजीच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, पाचवीत जून महिन्यात तुम्ही फळ्यावर पहिल्यांदा ए काढलात. त्याआधी आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी अक्षरं फक्त एसटीच्या पाटीवर आणि औषधाच्या बाटलीवर पाहिली होती. त्या वर्गातली एक मुलगी पुढे परक्या देशात जाऊन इंग्रजी शिकवेल, असं कुणी म्हटलं असतं तर सगळ्यात आधी मीच हसले असते.

एम.ए. झाल्यावर काही वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. नंतर पुण्यातल्या एका प्रशिक्षण कंपनीत लागले. त्या कंपनीने २००८ साली मला मनिलाला पाठवलं. अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेणाऱ्या नव्या मुलामुलींना सहा आठवडे उच्चार आणि व्याकरण शिकवायचं, हे माझं काम. शहरातल्या ऑर्टिगास नावाच्या भागात ऑफिस होतं. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात मनिलात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. त्यामुळे आमची शाळा रात्रीची. वीस-वीस जणांचा वर्ग, मध्यरात्री डबे उघडायचे आणि पहाटे शाळा सुटायची.

मी जाताना थोडी ताठ्यातच गेले होते, हे खरं. आपण शिकवणार, ते शिकणार. पहिल्याच रात्री तो ताठा उतरला. मी त्यांना व्ही आणि बी यांतला फरक शिकवत होते, कारण त्यांच्या भाषेत व्ही नाही. ते द्राक्षाच्या वेलीला 'बाइन' म्हणत होते. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बाइन नाही, वाइन." मागून एका मुलाने अदबीने हात वर केला आणि विचारलं, "मॅम, आपण वेल म्हणालात की दारू?" आता आली पंचाईत. मराठीत एकच व. व्ही असो नाहीतर डब्ल्यू, आपण दोन्हींना तोच लावतो. त्यांच्याकडे डब्ल्यू होता, व्ही नव्हता. माझ्याकडे दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. त्या रात्री वर्गातल्या आरशासमोर मीही उभी राहिले. खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा तो व्ही, दोन्ही ओठांचा चंबू करायचा तो डब्ल्यू. वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी हे शिकले, तेही विद्यार्थ्यांबरोबर.

त्या लोकांना इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच समजू नका. फिलिपिन्सवर स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलं आणि नंतर अमेरिका आली. १९०१ सालच्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या अमेरिकी लष्करी वाहतुकीच्या जहाजातून सुमारे पाचशे शिक्षक मनिलात उतरले. त्या जहाजावरून तिथे त्यांना अजूनही 'थॉमसाइट' म्हणतात. इंग्रज आपल्याकडे आधी तराजू घेऊन आले. अमेरिकनांनी तिथे सैन्याच्या पाठोपाठ खडू पाठवला. देश ताब्यात ठेवण्याचाच तोही एक मार्ग होता, पण त्यामुळे इंग्रजी थेट गावच्या शाळेपर्यंत पोचलं. आज तिथल्या १९८७ च्या संविधानात फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही भाषा राजभाषा म्हणून नोंदलेल्या आहेत. माझ्या वर्गातली मुलं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकून आलेली होती. माझ्यासारखी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली त्यांत कुणीच नव्हती.

मग त्यांना शिकवायचं काय? तर जिथे त्यांची मायबोली इंग्रजीत डोकावते, ती ठिकाणं. आणि मित्रांनो, मायबोली डोकावते म्हणजे चूक होते असं नाही. त्या चुकीला कारण असतं, नियम असतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण समजलं तिथे.

त्यांच्या भाषेचं नाव फिलिपिनो. तिचा पाया आहे मनिला परिसरातली तागालोग भाषा. तागालोगमध्ये मुळात फ नाही. लोपे सांतोस या व्याकरणकारांनी तयार केलेली वीस अक्षरांची वर्णमाला १९४० पासून शाळांत आली, तिच्यात एफ हे अक्षरच नव्हतं. म्हणून १९५९ साली राष्ट्रभाषेला नाव दिलं गेलं ते 'पिलिपिनो'. पुढे वर्णमाला अठ्ठावीस अक्षरांची झाली, एफ आत आला आणि भाषेचं नाव 'फिलिपिनो' झालं. माणसाच्या स्वतःच्या देशाचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं, ते अक्षर त्याच्या आजीच्या तोंडात नाही! त्यामुळे 'फॅमिली'ची 'पॅमिली' होते, 'कॉफी'ची 'कॉपी' होते.

यावर उपाय तोच, आरसा. आपल्याकडेही 'फळ'मधला फ दोन्ही ओठ मिटून हवा सोडत निघतो आणि 'फॅन'मधला दाताला ओठ लावून. लिपीत अक्षर एकच, म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही. मी त्यांना म्हणे, ओठ मिटू देऊ नका, फक्त दात टेकवा आणि फुंका. चार दिवसांत जमायचं. पण मग दुसरीच गंमत सुरू व्हायची. एकदा फ हाती लागला की जिथे प हवा तिथेही फ! 'पीपल'चं 'फीपल'. आपल्याकडे एखाद्याला 'ण' म्हणायला शिकवलं की तो घाबरून 'मन'चं 'मण' करतो, तसंच. चूक होईल या भीतीनेच ती चूक होते.

याहून अवघड होता इंग्रजीतला आघात. 'बनाना' हा शब्द घ्या. फिलिपिनो माणूस तिन्ही अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत जोर फक्त मधल्या अक्षरावर, बाकीची दोन नुसती अ म्हटल्यासारखी पुसट. तो पुसट अ त्यांच्या भाषेत नाही. आणि आपल्या बाराखडीचं पहिलंच अक्षर ते! मला फार आनंद झाला. निदान एक गोष्ट तरी मी घरून घेऊन आले होते.

उलट, शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे आपल्याला कळत नाही, कारण मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यांच्या भाषेत बदलतो. 'बुकास' या शब्दात 'बु'वर जोर दिला तर 'उद्या' आणि 'कास'वर दिला तर 'उघडं'. म्हणून 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' शिकवताना मी फळ्यावर आधी 'बुकास' लिहायची. दोनदा म्हणून घ्यायची, आणि मग म्हणायची, "हेच. पन्नासमध्ये पहिला बुकास, पंधरामध्ये दुसरा." वर्ग हसायचा आणि कायमचं लक्षात राहायचं. त्यांच्याच घरातली किल्ली त्यांच्या हातात दिली, एवढंच मी केलं.

व्याकरणातही तसंच. त्यांच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द, 'सिया'. त्यामुळे बोलण्याच्या भरात नवऱ्याबद्दल 'शी' आणि बायकोबद्दल 'ही' सहज निघून जातं. त्यांना फरक माहीत नसतो असं नाही. माहीत असतो, पण जीभ सवयीने जाते. आपण मराठी माणसं खुर्चीला 'ती' आणि पलंगाला 'तो' म्हणणारी, आपल्याला याचं नवल वाटतं. पण त्यांनाही आपलं नवल वाटायचं. टेबलाला 'ते' का म्हणायचं, हे मी त्यांना आजवर समजावू शकलेले नाही.

त्यांच्या क्रियापदाला काळापेक्षा काम झालं की चालू आहे की व्हायचं आहे, याची काळजी जास्त. 'कुमाइन' म्हणजे खाऊन झालं, 'कुमाकाइन' म्हणजे खाणं चालू, 'काकाइन' म्हणजे खाणं अजून व्हायचंय. काल खाल्लं की आत्ताच खाल्लं, हे 'कुमाइन' सांगत नाही. त्यामुळे इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांत त्यांची गल्लत होते. इथे मला बाईंची आठवण यायची. 'मी जेवले' आणि 'मी जेवले आहे' ही दोन वाक्यं लिहून बाईंनी हा फरक आपल्याला आठवीत शिकवला होता. मी मनिलात फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली नाहीत, पण शिकवायची रीत तीच ठेवली. आधी त्यांच्या भाषेत काय आहे ते विचारायचं, मग इंग्रजीत काय वेगळं आहे ते दाखवायचं.

एक ठिकाण असं होतं की तिथे मराठी आणि फिलिपिनो एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. 'आपण जाऊ' म्हटलं तर ऐकणारा त्यात आला, 'आम्ही जातो' म्हटलं तर तो बाहेर. त्यांच्याकडेही अगदी हेच: 'तायो' म्हणजे आपण, 'कामी' म्हणजे आम्ही. इंग्रजीकडे बिचारीकडे एकच 'वी'. फोनवर आमची मुलं सांगायची, "वी हॅव टू पे द लेट फी." अमेरिकन ग्राहक गोंधळायचा, दंड भरायचा कुणी, मी की कंपनीने? मी शिकवलं, पैशाचं बोलताना 'वी' वापरायचंच नाही. सरळ 'यू' म्हणा किंवा कंपनीचं नाव घ्या. हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. तो मला सुचला तो मराठीमुळे.

आणि त्यांचा आदर! वाक्यात 'पो' घातलं की ते आदरार्थी होतं. तिथे जीपनी नावाची गाडी असते. युद्धानंतर उरलेल्या अमेरिकी जीपगाड्यांपासून सुरू झालेली, आणि स्वभावाने अगदी आपलं वडाप. मागे बसलेला माणूस भाड्याचे पैसे पुढच्याकडे देतो, तो त्याच्या पुढच्याकडे, असं करत ते ड्रायव्हरपर्यंत पोचतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "बायाद पो", भाडं घ्या हो. इंग्रजीत हा 'पो' ठेवायला जागाच नाही. मग मुलं प्रत्येक वाक्यात 'सर' आणि 'मॅम' घालायची. मला सांगण्यात आलं होतं की हे कमी करा. मी कमी करवलं, पण मनातून वाईट वाटायचं. आपल्याला कुणी सांगितलं की सरांना 'अहो' म्हणू नका, तर कसं वाटेल?

त्यांचं इंग्रजी कधी कधी मला घरच्यासारखं वाटायचं. ते म्हणतात, 'ओपन द लाइट', कारण त्यांच्या भाषेत दिवा 'उघडतात'. आपण 'माय हेड इज पेनिंग' म्हणतो, कारण आपलं डोकं दुखत असतं. फोनवर कुणाला थांबवायचं असेल तर ते म्हणतात, 'फॉर अ व्हाइल'. तिथे सगळ्यांना कळतं की जरा थांबा. अमेरिकन माणूस मात्र पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघत राहतो.

त्यांनीही मला शिकवलं. 'आत्ता' याला त्यांचा शब्द लिहायचा झाला तर 'ङायोन' असा लिहावा लागेल. बाराखडीतलं ङ आपण कधी वापरत नाही, लहानपणी त्याला 'ड वर टिंब' म्हणून मोकळं होतो. त्यांचे कित्येक शब्द त्या अक्षराने सुरू होतात. मला सुरुवातीला ते येईना. वर्गाने माझी शाळा घेतली: "मॅम, 'सिंगिंग' म्हणा, आता पुढचं सगळं काढून टाका, शेवटचा आवाज ठेवा, त्यालाच 'आयोन' जोडा." तीन आठवडे लागले. मला जमलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आता ज्यासाठी उभी राहिले त्या गोष्टीकडे येते.

तिथे सातशेच्या नव्हे, सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे आणि शंभराहून अधिक भाषा आहेत. मध्ये व्हिसाया नावाची बेटं आहेत. तिथल्या सेबुआनोसारख्या भाषांत इ आणि ए, उ आणि ओ यांत फारसा भेद करत नाहीत. त्यामुळे तिकडची माणसं मनिलात आली की त्यांच्या फिलिपिनोलाही हसतात आणि इंग्रजीलाही. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या एका वर्गात तिकडची एक मुलगी होती. बाविशीची असेल. घरी धाकटी भावंडं, पगार झाला की अर्धा गावी पाठवायचा असं तिने आधीच ठरवलं होतं. ती 'बेड' म्हणायला गेली की 'बिड' व्हायचं, 'पेन'चं 'पिन' व्हायचं. वर्ग हसायचा. दुष्टपणाने नव्हे, सवयीने. मी त्यांना थांबवलं नाही. एक-दोनदा मीही हसले.

हळूहळू ती कमी बोलायला लागली. उत्तर येत असलं तरी हात वर करेना. पण नकली फोनचा सराव असला की तीच मुलगी वेगळी व्हायची. एकदा मी चिडलेल्या म्हाताऱ्या ग्राहकाचं सोंग घेतलं होतं. तिने मला पूर्ण बोलू दिलं, खाते क्रमांक एकेक आकडा करून परत म्हणून दाखवला, काय करणार आहे ते सांगितलं आणि मगच फोन ठेवला. त्या वर्गात तसं दुसऱ्या कुणालाही जमलं नव्हतं.

शेवटच्या परीक्षेचा एक छापील तक्ता असायचा. प्रत्येक उच्चाराला गुण. तिला दोन गुण कमी पडले. तक्त्याच्या खाली शेऱ्याची एक मोकळी ओळ होती. तिथे मी लिहू शकले असते की हिचं ऐकणं, समजावणं उत्तम आहे, हिला आणखी दोन आठवडे द्यावेत. त्या दिवशी पहाटेचे पाच वाजले होते, मी थकले होते, आणि खरं सांगायचं तर मला तसं सुचलंही नाही. मी ओळ कोरी ठेवली आणि सही केली. त्याच दिवशी तिचं काम गेलं. जाताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "थँक यू पो, मॅम."

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्याकडे आणखी एक काम आलं. ज्या फोनवर ग्राहकांनी तक्रार केली, त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकून चूक कुठे झाली ते शोधायचं. मी महिनाभर ऐकत होते. मला वाटलं होतं, फ आणि प सापडतील, 'बेड' आणि 'बिड' सापडतील. ते जवळजवळ सापडलेच नाहीत. 'कॉपी' म्हटलं तरी अमेरिकन माणसाला पुढच्या-मागच्या शब्दांवरून कॉफी कळत होती. गोंधळ झाला होता तो पन्नास आणि पंधरामध्ये. नवऱ्याला 'शी' म्हटल्यामुळे. 'रद्द केलं' आणि 'रद्द करते' यांत. 'वी'मध्ये. आणि सगळ्यात जास्त, समोरच्याचं पूर्ण ऐकून न घेतल्यामुळे. त्या शेवटच्या गोष्टीला आमच्या तक्त्यात एकही गुण नव्हता.

तेव्हा मला कळलं की आमचा तक्ता दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजत होता. एक, अर्थ बिघडवणारी चूक. दुसरी, माणसाचं गाव सांगणारा उच्चार. पहिली सुधारायलाच हवी, त्याचा मला पगार मिळत होता. दुसऱ्याला चूक म्हणायचंच कशाला? मी वरिष्ठांना लिहिलं की तक्त्याचे दोन भाग करा. बऱ्याच वादानंतर त्यांनी थोडं मान्य केलं. उच्चारांचे गुण कमी झाले, आकडे आणि ऐकण्याचे वाढले. पण त्या मुलीचा नंबर बदललेला होता. मी तिच्याबरोबरच्या मुलींकडे चौकशी केली, ती गावी परत गेली एवढंच कळलं. माझी सुधारणा तिच्या काही उपयोगाला आली नाही.

आणि त्या वेळी मला आपला नववीचा वर्ग आठवला.

मराठीचा तास, धडा वाचायचा. आपला एक मित्र वाडीवरून चार किलोमीटर चालत यायचा. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणायचा, 'आणि'ला 'आनि'. आपण सगळे हसायचो. मुलींच्या बाकावरून सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा, कारण पाठांतराचं बक्षीस मला मिळालेलं होतं आणि शुद्ध बोलणं म्हणजे आपलीच मालमत्ता आहे असं मला वाटायचं. पुढे तो वाचायला उभाच राहीना. इंग्रजीच्या तासालाही गप्प. बाई मात्र कधी हसल्या नाहीत. एकदा तो अडखळला तर तुम्ही त्याला म्हणालात, "उच्चार राहू दे, अर्थ सांग." त्याने अर्थ बरोबर सांगितला, आणि मला तो आला नव्हता. बाई, तुम्ही हे १९८५ सालीच करून दाखवलं होतं. मला ते समजायला मनिलाला जावं लागलं.

तो मित्र आज इथे बसला आहे. सकाळी त्यानेच तो प्रश्न विचारला. नाव घेत नाही, पण सगळ्यांना कळलं आहे. मित्रा, 'लोकांची भाषा सुधारायचीस व्हय' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. सुरुवातीला मला वाटायचं की मी सुधारतेय. नंतर कळलं की सुधारायला हवं होतं ते माझं हसणं. त्या मुलीची माफी मला मागता आली नाही. तुझी मागते. सगळ्या वर्गासमोर हसले होते, म्हणून सगळ्या वर्गासमोर मागते.

आता थोडं आजच्या शाळेबद्दल. आपल्या वेळी प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. मुख्याध्यापक सरांनी सकाळी सांगितलं, आता एकच उरली आहे आणि तीही पूर्ण भरत नाही. मुलं इंग्रजी माध्यमाकडे जात आहेत. पालकांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती वाटते की मराठी शाळेतलं मूल उद्या मुलाखतीत तोंड उघडणार नाही. ही भीती भाषणांनी जाणार नाही. आपल्या शाळेतली मुलं इंग्रजी बोलताना त्यांना ऐकू आली तरच जाईल.

म्हणून मी एक ठरवलं आहे. येत्या जूनपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास मी आठवी-नववीच्या मुलांसाठी येणार आहे. सरांनी परवानगी दिली आहे. साहित्य लागेल ते एक मोठा आरसा आणि दोन जुने मोबाईल. रीत मनिलातलीच: आधी मराठीत काय आहे ते पाहायचं, मग इंग्रजीत काय वेगळं आहे ते. 'ए', 'अॅन', 'द' आपल्याला का जड जातात? कारण मराठीत ते नाहीतच. हे मुलाला एकदा सांगितलं की आपण मठ्ठ आहोत असं त्याला वाटत नाही. व्ही आणि डब्ल्यू आरशात शिकायचे. आघात टाळ्या वाजवून शिकायचा. आणि वर्गाचा नियम एकच, बोलणाऱ्याला हसायचं नाही. हसलं तर पुढचं वाक्य हसणाऱ्याने बोलायचं.

मला तुमची मदत हवी आहे. आपल्यातले तिघे बँकेत आहेत, एक मैत्रीण मुंबईत परिचारिका आहे, एक मित्र दुबईत आहे. महिन्यातून एकदा मुलांना फोन करा. ग्राहक व्हा, रुग्णाचे नातेवाईक व्हा, साहेब व्हा. दहा मिनिटं इंग्रजीत बोला आणि मूल अडखळलं तर थांबा. थांबणं हेच मुख्य काम आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही असं वाटतं, त्यांनीही वर्गात येऊन बसावं. सकाळच्या माझ्या मित्राला मी खास बोलावते. धड्याचा अर्थ सांगायला मला तो लागेल.

शेवटी एकच सांगते. फार जुन्या काळी समुद्रमार्गे आपल्याकडचे काही संस्कृत शब्द त्या बेटांपर्यंत पोचले. त्यांच्या भाषेत चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात, ह मोकळा ठेवून, 'मुक-हा' असं. आशेला 'आसा' म्हणतात. आणि शिक्षकाला म्हणतात 'गुरो'. माझ्या शेवटच्या वर्गाने निरोपाच्या कार्डावर माझ्या नावाआधी तोच शब्द लिहिला होता. ते कार्ड आज मी बरोबर आणलं आहे. त्या शब्दावर माझ्याआधी ज्यांचा हक्क आहे त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, भाषण संपल्यावर हे कार्ड तुमच्या हातात देणार आहे.